नांवाची व्याप्ति आणि वस्तूचें आयुष्य

नांव आणि वस्तु यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनांत फार जुना आहे. मीमांसकांनीं तो संबंध नित्य मानला. नैयायिकांनीं तो संकेतानें, म्हणजे कोणीतरी ठरविल्यामुळें, उत्पन्न होतो असें म्हटलें. हा वाद शतकानुशतकें चालला. पण शब्दाचा अर्थ अमुक ओळीवर जन्मास येतो व पुढील दहाव्या ओळीवर संपतो, असें म्हणण्याचा प्रसंग त्यांतील कोणत्याच पक्षावर आला नव्हता. संगणकासाठीं आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींवर तो आला. यंत्राच्या मेमरींतील एखाद्या जागेस ते नांव देतात व तींत आज एक किंमत, उद्यां दुसरी किंमत ठेवितात; गणिती लोक अशा वस्तूस चल म्हणतात, आणि प्रोग्रामर व्हेरिएबल म्हणतात. हें नांव कोठून कोठपर्यंत ओळखलें जावें, आणि त्या नांवाची वस्तु केव्हां जन्मावी व केव्हां नाहींशी व्हावी, हे दोन प्रश्न त्यांस पानोपानीं सोडवावे लागतात. पहिल्यास ते स्कोप म्हणतात आणि दुसऱ्यास लाइफटाइम. आम्ही येथें व्याप्ति आणि आयुष्य हे शब्द योजूं. मात्र न्यायशास्त्रांतील धूर आणि अग्नि यांची व्याप्ति ती ही नव्हे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

विषय यंत्रज्ञांचा, तेव्हां तो साहित्याच्या मासिकांत कशाला, अशी शंका कित्येकांस येईल. परंतु कोणाच्या शब्दाचा अधिकार कोठवर चालावा, आणि जें आपण निर्माण केलें त्याच्या अंताची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मूळचे यंत्राचे नव्हेत, नीतीचे आहेत. यंत्रानें इतकेंच केलें कीं, एरव्हीं आपण जीं उत्तरें मोघम ठेवून वेळ निभावून नेतों, तीं त्यानें स्पष्ट शब्दांत मागितलीं.

व्याप्तीची कल्पना समजण्यास गणित नको. एका चाळींत बत्तीस बिऱ्हाडें असलीं तर 'बाबा' हा शब्द बत्तीस घरांत बत्तीस निरनिराळ्या गृहस्थांस लागू पडतो, आणि तरीही कोणाचा घोटाळा होत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर अधिक मौज असते. मुलगा ज्यांस 'बाबा' म्हणतो ते गृहस्थ वेगळे; आणि त्याच मुलाचें पोर 'बाबा' म्हणून हाक मारतें ती त्या मुलास. आंतल्या घेरांतील नांवानें बाहेरच्या घेरांतील तेंच नांव झांकलें जातें, पण पुसलें जात नाहीं. पोर खेळावयास गेलें कीं बाहेरचा अर्थ पुन्हां आपल्या जागीं येतो. १९६० सालीं पॅरिस येथील बैठकीनंतर तेरा जणांच्या नांवानें अल्गॉल ६० या भाषेचें जें निवेदन प्रसिद्ध झालें, आणि ज्याचें संपादन डेन्मार्कचे पीटर नाउर यांनीं केलें, त्यांत ही व्यवस्था प्रथमच काटेकोर नियमांच्या रूपानें मांडली गेली. 'आरंभ' आणि 'शेवट' या अर्थाच्या दोन शब्दांमध्यें एक कुंपण घालावयाचें. कुंपणाच्या आंत जाहीर केलेलें नांव बाहेरच्यास दिसावयाचें नाहीं. बाहेरचें नांव मात्र, आंत कोणी तें झांकलें नसेल तर, आंतून दिसावयाचें. आज वापरांत असलेल्या बहुतेक प्रोग्रामिंगच्या भाषा या कुंपणाच्या वारस आहेत.

व्याकरण शिकलेल्या आमच्या वाचकांस यांत कांहीं ओळखीचें दिसेल. पाणिनीनें अष्टाध्यायींत अधिकारसूत्रांची जी योजना केली आहे, तींत एकदां उच्चारलेलें पद एका ठराविक सीमेपर्यंत पुढील प्रत्येक सूत्रांत गृहीत धरावयाचें असतें, आणि सीमा ओलांडली कीं त्याचा अधिकार संपतो. एवढेंच नव्हे, तर आठव्या अध्यायाच्या शेवटच्या तीन पादांत घडलेलें कार्य आधींच्या सूत्रांच्या दृष्टीनें जणू घडलेंच नाहीं असें मानावयाचें असतें. आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें, असा सूर काढण्याची येथें आमची इच्छा नाहीं. तो सूर आतां फार ऐकून झाला. थोडक्या शब्दांत पुष्कळ नियम बसवूं पाहणाऱ्या कोणासही शब्दाच्या अधिकाराची हद्द ठरवावीच लागते, इतकाच याचा अर्थ.

आयुष्य ही गोष्ट व्याप्तीहून वेगळी. व्याप्ति कागदावरची आहे: प्रोग्राम चालविल्याशिवाय, केवळ वाचून ती सांगतां येते. आयुष्य काळाचें आहे: तें प्रोग्राम चालू लागल्यावरच सुरू होतें. सामान्यतः दोन्ही जोडीनें चालतात; कुंपणांत शिरतांना वस्तु जन्मते, बाहेर पडतांना मरते. पण तीं जोडीनें चाललींच पाहिजेत असें नाहीं. अल्गॉलच्या कर्त्यांनीं 'ओन' म्हणजे 'स्वकीय' या नांवाचा चलांचा एक वर्ग ठेविला होता. असें चल कुंपणाच्या आंतूनच दिसतें, परंतु बाहेर पडल्यावर मरत नाहीं. पुन्हां आंत आलें कीं त्याची जुनी किंमत जागेवर असते. आजीच्या पेटीसारखा हा प्रकार: ती उघडणार एकटी आजी, पण आजी काशीस गेली म्हणून पेटी नाहींशी होत नाहीं. अशा चलाची अगदीं पहिली किंमत कोणती, हें सांगावयाचें मात्र त्या निवेदनांत राहून गेलें, आणि त्यावरून पुढें पुष्कळ वाद झाला. तो वाद येथें सोडून देऊं. दीर्घ आयुष्य आणि अरुंद व्याप्ति हीं एकत्र नांदूं शकतात, ही गोष्ट मात्र वाचकांनीं जवळ ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

आतां जें नांव कोणत्याच कुंपणांत नाहीं, जें प्रोग्रामच्या प्रत्येक भागास दिसतें व प्रत्येकास बदलतां येतें, त्याचा विचार करूं. त्यास ग्लोबल म्हणतात. हें फार सोयीचें असतें. निरोप द्यावयाचा तर भिंतीवर खडूनें लिहावा, ज्यास पाहिजे त्यानें वाचावा, असा तो प्रकार. वुल्फ आणि मेरी शॉ यांनीं १९७३ सालींच अशा चलांच्या अपायांवर निबंध लिहिला होता; पण सोयीपुढें निबंधांचें काय चालणार?

थेरॅक-२५ हें कर्करोगावर किरणोपचार करणारें यंत्र अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेनें बनविलें होतें. जून १९८५ पासून जानेवारी १९८७ पर्यंत अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत या यंत्रानें सहा रोग्यांस मर्यादेबाहेर मारा केला, आणि त्यांतील कित्येक दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनीं या प्रकरणाचा केलेला शोध १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. तो ज्यानें वाचला त्यास व्याप्तीचा प्रश्न पुन्हां कधीं रुक्ष वाटणार नाहीं. टेक्ससमधील टायलर या गांवीं मार्च १९८६ मध्यें यंत्रचालिकेनें क्ष-किरणांचें अक्षर चुकून दाबलें, चूक लागलीच तिच्या ध्यानांत आली, आणि तिनें वर जाऊन तें बदलून इलेक्ट्रॉनचें अक्षर केलें. ती कामांत तरबेज होती, म्हणून हें सारें कांहीं सेकंदांत झालें. यंत्राच्या प्रोग्रामचे निरनिराळे भाग एकाच वेळीं चालत असत आणि सर्वांस खुल्या असलेल्या चलांच्या द्वारें एकमेकांशीं बोलत असत. कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागानें 'माहिती भरून झाली' अशी खूण एका चलांत करून ठेवली होती. दुसरा भाग ती खूण पाहून यंत्रांतील चुंबक लावावयास निघून गेला होता. त्या कामास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत पहिल्या भागानें केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या दृष्टीस पडलीच नाहीं. यंत्राचा एक अर्धा भाग क्ष-किरणांसाठीं सज्ज झाला आणि दुसरा इलेक्ट्रॉनसाठीं. रोग्यास १८० रॅड द्यावयाचे होते. त्याच्या अंगावर सुमारें शंभरपट मारा एका क्षणांत झाला. पुढील महिन्यांत त्याच रुग्णालयांत तोच प्रकार दुसऱ्या रोग्याच्या वांट्यास आला. दोघेही त्यानेंच वारले.

वॉशिंग्टन संस्थानांतील याकिमा येथें जानेवारी १९८७ मध्यें जें घडलें त्याचें कारण याहूनही क्षुल्लक होतें. एका चलांत शून्य असेल तर 'तपासणीची जरूर नाहीं' आणि शून्याखेरीज कांहींही असेल तर 'तपासणी करा', असा संकेत होता. 'तपासणी करा' हें सांगण्यासाठीं त्या चलांत एखादी ठाम किंमत ठेवावयाची, त्याऐवजीं प्रोग्राम दर खेपेस तींत एक मिळवीत असे. ती जागा २५५ पर्यंतच मोजूं शकत होती. म्हणून दर २५६ व्या खेपेस तेथें पुन्हां शून्य येई, आणि नेमक्या त्याच क्षणीं कळ दाबली गेली तर तपासणी वगळली जाई. लिहिणाऱ्याच्या मनांत तें चल एक खूण होती. मांडणीनें मात्र तें मोजणीचा आंकडा झालें होतें. एकच नांव, आणि त्याविषयीं दोन समजुती.

या दुर्घटनांचें सारें खापर व्याप्तीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. थेरॅक-२० या आधींच्या यंत्रांत असलेलीं लोखंडी बंधनें नव्या यंत्रांतून काढून टाकलीं होतीं, आणि तक्रारी आल्यावरही असें घडणेंच अशक्य आहे असें उत्तर संस्थेकडून दिलें जात होतें. तो गर्वाचा दोष. त्यावर भाषेचा नियम काय करणार? पण भिंतीवर खडूनें लिहिलेल्या निरोपाचा स्वभाव येथें पुरा दिसून येतो. लिहिणारा लिहून मोकळा होतो. वाचणारा वाचून निघून जातो. मध्यंतरीं मजकूर बदलला तर तें त्यास कळविण्याचें कर्तव्य कोणावरच नसतें. व्याप्ति अरुंद करावी असें जें शहाणे प्रोग्रामर सांगतात, त्यास कित्येक लोक लपवाछपवी समजतात. आमच्या मतें तो जबाबदारीचा प्रश्न आहे. एखादें चल पांचच ओळींस बदलतां येत असेल, तर तें बिघडल्यावर उत्तर कोणास विचारावयाचें तें त्या पांच ओळींवरून ठरतें. तें लाख ओळींस बदलतां येत असेल, तर उत्तर देणारा कोणीच सांपडत नाहीं.

येथें उलट बाजूही आहे. घड्याळांतील वेळ सर्वांचीच असते. यंत्राची एकंदर स्थिति सर्वांस ठाऊक असावी लागते. आणि 'तें माझ्या कुंपणांतलें नव्हे' हें वाक्य अंग काढून घेण्याच्या कामीं सरकारी कचेऱ्यांइतकेंच प्रोग्रामांतही उपयोगीं पडतें. पण पाहण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार हे निराळे करतां येतात. पहिला उदारपणें द्यावा, दुसरा कंजूषपणें, एवढें धोरण ठेवलें तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

व्याप्तीच्या प्रश्नास आणखी एक पदर आहे, आणि आम्हांस तो सर्वांत विचारणीय वाटतो. एखाद्या वाक्यांत जें नांव आलें असेल त्याचा अर्थ तें वाक्य जेथें लिहिलें गेलें तेथला घ्यावा, कीं तें जेथें अमलांत आणलें जातें तेथला? समजा, कोणी गृहस्थ निरोप्याजवळ असा निरोप देतो कीं, 'पैसे घरीं पोंचवा'. निरोप्या तो परगांवीं जाऊन तिसऱ्याच मनुष्यास सांगतो. 'घर' म्हणजे कोणाचें घर? सांगणाऱ्याचें, असें आपण तत्काळ म्हणूं. पण जॉन मॅकार्थी यांची लिस्प ही भाषा १९६० च्या सुमारास निघाली तेव्हां ती प्रत्यक्षांत उलट अर्थ घेत असे: निरोप जेथें उघडला जाईल तेथलें घर. मॅकार्थी यांनींच पुढें लिस्पचा इतिहास लिहितांना सांगून टाकलें आहे कीं, हवी होती ती व्यवस्था पहिली, आणि हातीं आली ती दुसरी. पीटर लॅंडिन यांनीं १९६४ सालीं यावर उपाय मांडला: निरोपाबरोबर सांगणाऱ्याच्या परिसराचा नकाशाही बांधून द्यावा. या गांठोड्यास त्यांनीं क्लोजर असें नांव दिलें. १९७५ सालीं सस्मन व स्टील यांनीं केलेल्या स्कीम या भाषेनें ही रीत पायाभूत धरली, आणि आज तीच सर्वमान्य झाली आहे. मुंबईंत तीस वर्षें नोकरी करून राहिलेला कोंकणचा चाकरमानी 'घरीं जातों' म्हणतो तेव्हां तो खोलीवर जात नसतो, एस्. टी.चें तिकीट काढीत असतो. तोही आपल्या शब्दाचा अर्थ असाच गांठोड्यांत बांधून आणतो.

वचन, करार, मृत्युपत्र यांच्या नीतीचा पाया हाच आहे. शब्दाचा अर्थ तो ज्याच्या हातीं पडेल त्याच्या परिस्थितीप्रमाणें बदलूं लागला, तर वचन देणारा कशास बांधला गेला हें त्यास स्वतःसही सांगतां येणार नाहीं. मात्र या शहाणपणास किंमत पडते. निरोप जर सांगणाऱ्याच्या घराचा नकाशा बरोबर घेऊन हिंडूं लागला, तर निरोप सांगून संपल्याबरोबर तें घर पाडतां येत नाहीं. नकाशा कोणाच्या तरी हातीं आहे तोंवर तें उभें ठेवावें लागतें. व्याप्ति संपली, आयुष्य मात्र उरलें. मग तें संपवावयाचें कोणीं?

सी या भाषेनें याचें उत्तर रोखठोक दिलें आहे. डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास बनविलेल्या या भाषेंत ज्यानें मेमरी मागून घेतली त्यानेंच ती परत करावी. कोणी आठवण करून देणार नाहीं. स्वावलंबनाची ही वृत्ति वरवर पाहतां उदात्त दिसते. पण मनुष्य विसरतो, आणि विसरण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत वस्तूचें नांव नाहींसें होतें व वस्तु मागें उरते: कोणासही तिच्यापर्यंत पोंचतां येत नाहीं, ती कोणाच्या कामाची नाहीं, तरी जागा अडवून बसते. दुसऱ्या प्रकारांत वस्तु परत केली जाते, पण तिचा पत्ता कोणाच्या तरी चिठीवर राहून जातो. ती जागा पुढें भलत्यासच मिळते, आणि जुन्या पत्त्यावर पत्र टाकणारा परक्याच्या घरांत शिरतो. पहिल्यानें यंत्र मंदावतें. दुसऱ्यानें चोरास वाट मिळते. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षातज्ज्ञांनीं २०१९ सालीं सांगितलें कीं, त्यांच्या मालांत दरसाल दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षादोषांपैकीं सुमारें ७० टक्के दोष मेमरीच्या अव्यवस्थेचे असतात. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर हात घालणें आणि मेलेल्या वस्तूस जिवंत समजणें, हे त्यांतले मुख्य प्रकार.

मॅकार्थी यांनीं लिस्पसाठीं १९६० सालींच दुसरा मार्ग काढला होता. त्यांनीं प्रोग्रामरावर विसंबणें सोडलें आणि एक झाडूवाला नेमला. हा मधून मधून येतो, चालू असलेल्या कामापासून निघून नांवांच्या धाग्यांवरून जेथवर जातां येईल तेथवर जातो, वाटेंत भेटेल त्यावर खूण करतो, आणि खूण नसलेलें सारें झाडून काढतो. त्याच वर्षीं जॉर्ज कॉलिन्स यांनीं निराळी युक्ति सुचविली: प्रत्येक वस्तूस किती जण धरून आहेत तें मोजावें, आणि मोजणी शून्यावर आली कीं वस्तु टाकावी. या युक्तींत एक मौजेचें वैगुण्य आहे. दोन वस्तूंनीं एकमेकींस धरून ठेवलें, आणि बाहेरचें कोणीही त्यांस धरीनासें झालें, तरी दोघींची मोजणी शून्यावर येत नाहीं. त्या कायमच्या टिकतात. परस्परांच्या पुस्तकांवर अभिप्राय लिहिणारे ग्रंथकार याचें उदाहरण म्हणून देतां आले असते. पण मासिकाच्या संपादकांस अडचणींत टाकण्याचा आमचा विचार नाहीं.

झाडूवाला वस्तु ठेवतो ती गरजेची आहे म्हणून नव्हे, तर तिच्यापर्यंत पोंचतां येतें म्हणून. वास्तविक विचारावयाचा प्रश्न हा कीं, हिची पुढें कधीं गरज पडेल काय? पण या प्रश्नाचें सर्व प्रसंगीं अचूक उत्तर देणारी रीत असूंच शकत नाहीं. ॲलन ट्यूरिंग यांच्या १९३६ सालच्या सिद्धांतापासून हें निघतें. म्हणून गरजेच्या ऐवजीं पोंच हें गमक मानून काम भागविलें जातें. मनुष्येंही बहुधा असेंच करतात. माळ्यावरची अडगळ आपण ठेवतों ती लागेल म्हणून नव्हे. ती कोठें आहे हें अजून आठवतें म्हणून.

अलीकडे तिसरा मार्ग निघाला आहे. रस्ट ही भाषा ग्रेडन होअर यांनीं २००६ च्या सुमारास स्वतःच्या हौसेखातर आरंभिली, मोझिला या संस्थेनें तिला आश्रय दिला, आणि मे २०१५ मध्यें तिची पहिली स्थिर आवृत्ति बाहेर पडली. तिचा कायदा असा: प्रत्येक वस्तूस एका वेळीं एकच मालक, मालकाची व्याप्ति संपली कीं वस्तूचें आयुष्यही संपलें. वस्तु दुसऱ्यास देतां येते, पण दिल्यावर देणाऱ्याचें तिच्यावर कांहीं राहत नाहीं. धर्मशास्त्रांतील दानाची कल्पना याहून वेगळी नाहीं. उसनीही देतां येते. मात्र उसनवारी मूळ वस्तूच्या आयुष्यापलीकडे जातां कामा नये, आणि एका वेळीं पुष्कळांनीं पाहावें किंवा एकानेंच बदलावें, दोन्ही एकदम चालावयाचीं नाहींत. विशेष हा कीं, या अटी प्रोग्राम चालू होण्याआधींच तपासल्या जातात. अट मोडली तर प्रोग्राम जन्मासच येत नाहीं.

या कायद्याविरुद्ध जुन्या मुरलेल्या प्रोग्रामरांची तक्रार असते, आणि ती खोटी नाहीं. कायद्यास जें निर्दोष म्हणून सिद्ध करतां येत नाहीं तें सर्व तो अडवितो. म्हणजे जें खरोखर निर्दोष आहे, पण ज्याचा निर्दोषपणा त्यास पटवून देतां येत नाहीं, तेंही अडतें. निरपराध्यास अडविणारा कायदा न्याय्य म्हणावा काय? फौजदारी न्यायांत आपण ठाम 'नाहीं' म्हणतों; तेथें संशयाचा फायदा आरोपीस. मग येथें उलट कां? आमचें उत्तर असें कीं, न्यायासनापुढें अडविला जाणारा व भोगणारा एकच असतो, म्हणून संशयाचा फायदा त्याचा. प्रोग्रामांत चूक करणारा एक असतो व भोगणारा दुसराच, आणि तो तेथें बोलावयास हजर नसतो. टायलरच्या त्या टेबलावर पडलेल्या मनुष्यास आपल्या अंगावरील यंत्राच्या आंत चलें आहेत हेंही ठाऊक नव्हतें. जेथें असें आहे तेथें संशयाचा फायदा त्या अनुपस्थित मनुष्यास मिळाला पाहिजे, आणि प्रोग्रामरास थोडा जाच झाला तर तो त्यानें सोसावा. स्वतःच्या करमणुकीसाठीं, स्वतःच्याच यंत्रावर जो लिहितो, त्यास मात्र असल्या कायद्यानें जखडणें आम्हांस व्यर्थ वाटतें. तो चुकला तर त्याचें तोच पाहून घेईल.

आतां हा प्रश्न प्रोग्रामच्या बाहेर, थेट आपल्या घरांत आला आहे. दुकानांत मोबाईलचा क्रमांक दिला, लॉजवर आधारची प्रत दिली, पोराच्या शिकवणीसाठीं जन्मतारीख दिली. ज्या कामासाठीं दिलें तें काम अर्ध्या तासांत संपलें. त्या माहितीची व्याप्ति मात्र कोणीं आंखली नाहीं, आणि तिच्या आयुष्याची दोरीही कोणीं तोडली नाहीं. युरोपांत २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानें माहिती कोणत्या कामासाठीं व किती काळ ठेवावयाची या दोन्ही गोष्टींस मर्यादा घातली. आपल्याकडे २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेंही, काम संपल्यावर ती पुसून टाकण्याचें कर्तव्य धारण करणाऱ्यावर ठेविलें आहे. हें योग्यच झालें, असें कोणीही म्हणेल.

पण महाराष्ट्रांतील वाचकांस तें चटकन् म्हणतां येऊं नये. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि पुढें ती माला बावीस खंडांवर गेली. तीं साधनें म्हणजे काय होतीं? ज्यांचें काम शे-दीडशें वर्षांपूर्वीं संपलें होतें, ज्यांचे लिहिणारे व वाचणारे दोघेही गेले होते, आणि ज्यांची वारसांस गरज नव्हती, असे कागद. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग तरी दुसरे काय होते? 'काम संपलें, पुसून टाका' हा कायदा अठराव्या शतकांतील कारकुनांनीं मनोभावें पाळला असता, तर पानिपताविषयीं आज आपणांस बखरींतील आख्यायिकांपलीकडे फारसें कांहीं सांगतां आलें नसतें. माळ्यावर कोणाच्याही आठवणींत नसलेला, झाडूवाल्याच्या हिशेबीं केवळ केर ठरलेला कागदच राजवाडे यांच्या हातीं सोन्याचा ठरला.

तेव्हां दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें आहे. पण याचा निकाल मधोमध रेघ ओढून लागणार नाहीं. येथें आरंभीं सांगितलेला अल्गॉलचा तो 'स्वकीय' वर्ग आम्हांस आठवतो. टिकणें आणि दिसणें या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. वस्तु टिकवावयाची म्हणजे ती चव्हाट्यावर ठेवलीच पाहिजे असें नाहीं. १९४८ सालच्या खानेसुमारीच्या कायद्यानें हेंच केलें आहे. गणकानें घरोघर जाऊन लिहून घेतलेली नोंद पाहण्याचा हक्क कोणासही नाहीं, आणि ती पुरावा म्हणून सामान्यतः न्यायालयांतही आणतां येत नाहीं; नोंदींतून काढलेले एकूण आंकडे मात्र सर्वांस खुले असतात. देशास आंकडे मिळाले, आणि घरांत किती माणसें, कोण विधवा, कोण बेकार, हें शेजाऱ्यास कळलें नाहीं. जिवंत मनुष्यास ज्यामुळें उपद्रव होईल त्याची व्याप्ति अरुंद ठेवावी. ज्यास उपद्रव व्हावयाचा तो मनुष्य काळाच्या पलीकडे गेला म्हणजे कुंपण सैल करावें. आणि लॉजवरील आधारच्या प्रतीसारखें जें कोणत्याच भावी राजवाड्यांच्या कामाचें नाहीं तें खुशाल जाळावें. कोणता कागद कोणत्या वर्गांत घालावयाचा याबद्दल भांडणें होतीलच, आणि कित्येक वेळां तीं न्यायालयांतही जातील.

तोंवर आमची मागणी अगदीं लहान आहे. नांव, जन्मतारीख, मोबाईल अशा रकान्यांचा छापील अर्ज जो कोणी आमच्यापुढें ठेवील, त्यानें तळाशीं स्वतः भरलेले आणखी दोन रकाने दाखवावे: ही माहिती कोणाकोणास दिसेल, आणि ती कोणत्या तारखेस पुसली जाईल. दुसऱ्या रकान्यांत नेमकी तारीख घालणें पुष्कळ ठिकाणीं जड जाईल, हें आम्ही समजूं शकतों. पहिला रकाना तरी आजच भरतां येण्यासारखा आहे.